उचलीचा हिशेब

कलेने अन्यायाच्या विरोधात उभं राहावं, हे माझं मत पंचविशीत होतं तेच आज साठी उलटल्यावरही आहे. बदललं ते वेगळंच. ज्याच्याकडे शब्द आहेत त्याने ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी ते वापरावेत, असं मी मानत होतो. मुक्यांना वाचा द्यायची, हे आपलं काम, असं मी वर्गात म्हणायचो, नाटकाच्या प्रास्ताविकात म्हणायचो, पाहुणा म्हणून गेलो तर भाषणातही म्हणायचो. आता म्हणत नाही. ते का, हे एकदा नीट मांडावं म्हणून हे मनोगत.

त्या मताची मुळं सांगायला हवीत, कारण ती वाईट नव्हती. धुळ्याला शिकत असताना अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याविषयी वाचलं. 1944 साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि गिरणगावातल्या चाळींपासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांपर्यंत डफाची थाप पोचवली. त्याआधी सत्यशोधकांचे जलसे, मग आंबेडकरी जलसे. तमाशाची ओळखीची चौकट घ्यायची, गण-गवळणीच्या जागी नवा आशय भरायचा आणि गावाला त्याच्याच करमणुकीतून विचार करायला लावायचं. या परंपरेने मी भारावलो होतो. प्रकाशाला शिक्षक म्हणून आलो तेव्हा पिशवीत पुस्तकं होती आणि डोक्यात कलापथक.

प्रकाशा हे गाव त्यासाठी जणू आयतंच. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, दक्षिण काशी म्हणून सगळ्या खान्देशातून येणारी माणसं. अस्थिविसर्जनाला येतात, शिवरात्रीला येतात, बारा वर्षांनी सिंहस्थाला येतात. शिवाय अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावावरूनच जातो. दिवाळीच्या आसपास सातपुड्यातून उतरलेले ट्रक आणि पिकअप याच रस्त्याने गुजरातकडे जातात. आत उसतोडीच्या टोळ्या. बायका, कडेवरची पोरं, भांडी, एखादी शेळी, कोंबड्या. तळोदा, अक्कलकुवा, मग हद्द. फाट्यावर चहा घेताना आम्ही ते ट्रक बघत असू आणि मी पोरांना सांगत असे, यांच्यावर नाटक लिहायला पाहिजे.

लिहिलीही बरीच. दारूबंदीवर, हुंड्यावर, बालविवाहावर, शाळेतून गळणाऱ्या मुलींवर. गावातली, आसपासच्या खेड्यांतली माजी विद्यार्थी मुलं जमवली होती. संहिता माझी, दिग्दर्शन माझं, शेवटचं भाषण बहुधा माझंच. शिवरात्रीच्या यात्रेत प्रयोग लागला की रिंगण तुडुंब भरायचं, टाळ्या पडायच्या, तालुक्याच्या वार्ताहराकडून बातमी यायची.

त्या नाटकांत काय असायचं ते आज आठवून बघतो. भिलाचं पात्र असायचं. ते मोडकं मराठी बोलायचं आणि दारू प्यायचं. त्याची बायको कोपऱ्यात बसून रडायची. तिसऱ्या प्रवेशात एक शिक्षक किंवा शिकलेला तरुण यायचा, समजावून सांगायचा, आणि शेवटी बाटली फुटायची. भिलाचं काम नेहमी पक्क्या घरातल्या मुलाकडे, कारण त्याचे उच्चार स्वच्छ होते, आवाज लांब जायचा. भिलांची मुलं आमच्यात होती. ती ढोल वाजवायची. या वाटणीत काही खटकण्यासारखं आहे असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. ढोल ती खरोखरच फार सुंदर वाजवत.

एकदा दारूबंदीचं नाटक नव्याने लिहायचं ठरलं, म्हणून गोमाईकाठच्या एका वस्तीत बायकांशी बोलायला गेलो. तिथे एक डोकरी भेटली. तरुणपणी शहाद्याच्या चळवळीत होती. ही चळवळ मी वाचलेली होती. 1971च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्यासाठी आलेल्या भुकेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण पडलेल्या, बळकावलेल्या जमिनी परत मिळवणं, सालदारांचा, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांचा, पगार वाढवणं, दुष्काळात काम मागणं, हे सगळं मला तारखांसह पाठ होतं. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्याने 1974 साली केला, त्यामागे अशाच लढ्यांचा रेटा होता, हेही मी मुलांना शिकवत असे. बायकांनी दारूच्या भट्ट्यांवर मोर्चे नेले, मडकी फोडली, हेही माहीत होतं. माझ्या लेखी तो मजुरीचा आणि जमिनीचा लढा होता. गाणी असतील तर ती सभा सुरू होण्याआधी गर्दी जमवायला.

डोकरीला मी विचारलं, शिबिरात पुढारी काय सांगायचे? तिला एकही भाषण सांगता येईना. गाणी मात्र आठवत होती. कोणत्या बाईने कोणतं गाणं उचललं, पुढची ओळ तिथल्या तिथे कुणी जुळवली, कुठल्या गावात भट्टीवाल्याचं नाव गाण्यात घालताना बायका आधी कशा घाबरल्या आणि मग सगळ्यांनी एकदम ते नाव कसं घेतलं. चाल लग्नातली, आशय त्या दिवसाचा. एका गावातलं गाणं दुसऱ्या गावात तसंच चालायचं नाही, कारण तिथली भट्टी वेगळी, तिथला मालक वेगळा.

मी वही काढली. म्हटलं, आजी, सांगा, लिहून घेतो, आमची मुलं नाटकात म्हणतील. ती म्हणाली, "तुझ्या पोरांनी कुणाची भट्टी फोडली, भाऊ?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती. गाणं म्हणायचं तर त्या गाण्यातली गोष्ट आधी घडायला हवी, किंवा आता घडणार असायला हवी, असा तिचा साधा हिशेब. मी काहीतरी उत्तर दिलं आणि निघालो. वाटेत मनात एकच गोष्ट घोळत राहिली. आमच्या नाटकातली बाई कोपऱ्यात रडते आणि तिला वाचवायला शिकलेला माणूस येतो. इथे तर त्याच वस्तीतल्या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी भट्ट्यांपर्यंत मोर्चा नेला होता, गाणी स्वतः रचली होती, आणि आम्ही त्यांच्याच नातवंडांसमोर त्यांना रडताना दाखवत होतो.

त्यानंतर जुनं सगळं पुन्हा वाचायला घेतलं. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना सगळा परिसर अंबरसिंग महाराज म्हणतो, त्यांच्याविषयी वाचलं. सर्वोदयाच्या कामातून आलेला हा भिल्ल तरुण सालदारांचा पुढारी झाला. मी त्यांच्याकडे संघटक म्हणून बघत होतो. 'महाराज' या शब्दामागच्या भजनी माणसाकडे मी लक्षच दिलं नव्हतं. आणखी मागे गेलो तर तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज. 1930च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या आरतीला सातपुड्यातून हजारोंनी माणसं जमायची. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्या. ज्यांना आयुष्यभर 'अरे-तुरे'शिवाय काही ऐकायला मिळालं नव्हतं ती माणसं एकमेकांना आदराने हाक मारू लागली आणि दारूगुत्तेवाल्यांचा, सावकारांचा धंदा बसला. 1938 साली गुलाम महाराज वारले. पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम चालवलं. इंग्रज सरकारला ही गर्दी धोक्याची वाटली होती.

हे सारं मी इतकी वर्षं भक्तीच्या कप्प्यात टाकलं होतं. आरती म्हणजे देवाचं काम, कलापथक म्हणजे समाजाचं, अशी माझी विभागणी. पण सरकारला जे कळलं होतं ते मला कळलं नव्हतं. हजार माणसं एका सुरात गातात तेव्हा त्या गाण्यात जमीनदाराचं नाव नसलं तरी चालतं. एरवी एकेकटी, मालकाच्या खळ्यात मान खाली घालून उभी राहणारी ती माणसं एकमेकांच्या आवाजाने ताठ होत होती. आमच्या नाटकात आशय शंभर टक्के पुरोगामी होता, आणि बघणारा बघणाराच राहत होता.

वाहरू सोनवणे यांच्या कवितेविषयी इथे लिहायलाच हवं. ते याच चळवळीतले कार्यकर्ते. 'गोधड' हा त्यांचा संग्रह 1987 साली आला आणि त्यातली 'स्टेज' ही कविता महाराष्ट्राबाहेरही पोचली. व्यासपीठावर आदिवासीला बोलावलं जात नाही, त्याचं दुःख त्यालाच दुसरे लोक माइकवरून सांगत राहतात, असा तिचा विषय. ही कविता मला पाठ होती. मी ती स्वतः व्यासपीठावर उभं राहून, आवाजात चढउतार करून म्हटली आहे, आणि ढोल वाजवणारी आमची मुलं खाली सतरंजीवर बसून ऐकत होती. गोमाईकाठच्या त्या भेटीनंतर तीच कविता पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातले 'ते' कोण हे मला पहिल्यांदा लख्ख दिसलं. कविता जुनीच होती. मी इतकी वर्षं तिच्यातल्या 'आम्ही'च्या बाजूला उभा असल्यासारखा ती म्हणत होतो.

ती कविता चळवळ सोडून गेलेल्या माणसाची नाही, हे लक्षात घ्यायला हवं. पुण्या-मुंबईहून आलेले तरुण आणि इथले आदिवासी यांनी मिळून जी संघटना चालवली तिच्या आत राहून, तिथल्याच माणसांना तो प्रश्न विचारला गेला. म्हणून मी त्याचा अर्थ 'बाहेरच्यांनी चालते व्हा' असा घेत नाही. कोणी बोलायचं हे आधी ठरवा, मग काय बोलायचं ते बघू, असा घेतो.

पुढच्या हंगामाला मी मुलांना सांगितलं, संहिता मी लिहिणार नाही. विषय तुम्ही ठरवा, बोली तुमची, नट तुमचे. मला वाटलं होतं दारूच निवडतील, कारण आम्ही त्यांना तेच शिकवत आलो होतो. त्यांनी उचल निवडली.

उचल म्हणजे पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती फेडायला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात आणि हंगामभर ऊस तोडतात. टनावर दर, दरातून उचल वजा, शेवटी हिशेब. तो हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि वही मुकादमाच्या बगलेत. होळीला माणसं घरी परततात. भोंगऱ्या बाजार भरतो, मांदळ-ढोल वाजतात, वर्षातून एकदाच सगळा पाडा एका जागी असतो. मुलांनी प्रयोग त्याच आठवड्यात धरले. बोली भिली. रात्रभर चालणाऱ्या सोंगाड्या पार्टीची धाटणी त्यांनी उचलली, म्हणजे गाणं, नाच, सोंग, मध्येच प्रेक्षकाशी बोलणं. शिक्षकाचं पात्र नव्हतं. मुकादमाचं काम ढोल वाजवणाऱ्या मुलांपैकीच एकाने केलं. इतका चांगला नट इतकी वर्षं माझ्या हाताखाली ढोल वाजवत होता.

एका पाड्यावरचा प्रयोग सांगतो. मुकादम वही उघडून हिशेब वाचू लागला. दोन-तीन रकमा वाचल्या असतील, तेवढ्यात मागून एक माणूस उठला आणि म्हणाला, असं नसतं, तो गाडीभाडंही कापतो. नट थांबला, त्याने वहीत गाडीभाडं घातलं. दुसरा उठला, पोरगी आजारी पडली होती त्या दिवसांचे खाडे. तेही घातले. मग एक बाई बोलली. कोयता दोघांचा, पण वहीत नाव एकट्या नवऱ्याचं, मग माझं अर्धं कुठे लिहिलंय? यावर पुरुष हसले, बायका हसल्या नाहीत, आणि नाटक तिथेच थांबलं. लोक घरात जाऊन वजनाच्या पावत्या घेऊन आले. शिकलेली पोरं बॅटरीच्या उजेडात बेरजा करत बसली. मला भिली निम्मीच कळते, त्यामुळे मी मागे बसून शेजाऱ्याला विचारत होतो, काय म्हणाली? काय म्हणाला? तो मला सांगत होता. माझ्याच शिकवलेल्या मुलांचं नाटक मला कुणीतरी समजावून देत होतं, आणि मला त्या रात्री जितका आनंद झाला तितका माझ्या कुठल्याही प्रयोगाच्या टाळ्यांनी कधी झाला नव्हता.

त्यातून क्रांती झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या पाड्यातल्या काही जणांनी उचल घेताना लेखी चिठ्ठी मागितली. काहींना मिळाली. काहींना मुकादमाने घेतलंच नाही, त्यांना दुसरी टोळी शोधावी लागली, आणि एक घर त्या वर्षी कामाविना राहिलं. ही किंमत नाटकाने त्यांना मोजायला लावली. ती आमची मुलं जाणतात, म्हणून आता प्रयोगाआधी पाड्यातल्या जाणत्यांशी बोलून घेतात.

माझे एक जुने सहकारी आहेत, आमच्या पहिल्या नाटकांपासूनचे. त्यांना हा बदल पटलेला नाही. ते म्हणतात, सर, कलेचं काय? तुमची जुनी नाटकं बांधेसूद होती. याला ना सुरुवात ना शेवट, रोज वेगळं. त्यांचं निरीक्षण खरं आहे. त्या नाटकाला शेवट नाही, कारण हिशेब अजून लागलेला नाही. आणि बांधेसूदपणाविषयी मी त्यांना 'मुलगी झाली हो'ची आठवण देतो. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, स्त्री मुक्ती संघटनेने 1983पासून गावोगाव केलेलं ते नाटक. नेपथ्याचा थाट नाही, साधी गाणी, पण रंगमंचावर बाया आणि समोर बाया. त्याची ताकद तिथून येत होती.

उलट, कला हाती असून बोलण्याचा हक्क नसला की काय होतं, हेही आमच्या जिल्ह्यात नेहमी दिसतं. कुणी मोठा पाहुणा येणार असला की आदिवासी नाचाचं पथक बोलावतात. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे, घुंगरं, मोठा ढोल. काठी गावच्या होळीत रात्रभर जो नाच नवसाने, उपासाने होतो तोच इथे पाच मिनिटांत उरकतो. पाहुणा हार घालून व्यासपीठावर चढतो आणि नाचणारे मंडपाच्या कडेला उन्हात उभे राहतात. माइक त्यांच्याकडे जात नाही. यात कला आहे, आदिवासी आहेत, टाळ्याही आहेत. मला आता ते बघवत नाही.

मग माझ्यासारख्याने लिहूच नये का? मलाही हा प्रश्न पडला, आणि त्याचं उत्तर मला गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये सापडलं. वारल्यांच्या लढ्यावरचं हे पुस्तक, 1972चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. लिहिणारी बाई वारली नव्हती आणि तसं भासवतही नाही. ती स्वतः काय बघते, कुठे चुकते, कशाने हादरते ते लिहिते. आपण उभे आहोत तिथून लिहायचं, हे तिने केलं. मी उभा आहे ते ठिकाण कोणतं? माझ्या घरी जमीन होती. आमच्याकडे सालदार होता.

खान्देशात सालदाराचं साल आखाजीला ठरतं. अक्षय्य तृतीयेला घरात सांजोऱ्या तळल्या जातात, पोरीबाळी झोक्यावर गाणी म्हणतात, आणि ओट्यावर वर्षाचा सौदा होतो. किती पैसे, किती धान्य, खाड्याला किती कापायचे. आमच्या सालदाराचा कप वेगळा होता, गोठ्याच्या कोनाड्यात. तो कप मी रोज बघत होतो. सालदारावर मी नाटकं लिहिली, पण ओट्यावर बसून सौदा करणाऱ्या माणसावर एकही लिहिलं नाही, आणि त्याला मी भिलाच्या त्या मोडक्या मराठीपेक्षा कितीतरी जास्त ओळखतो. त्याची भाषा, त्याच्या सबबी, कापूस पडला की त्याच्या चेहऱ्यावर येणारी खरी चिंता, आणि ती चिंता तो कुणाच्या पगारातून वसूल करतो ते, हे सगळं मला आतून माहीत आहे.

ते नाटक मी आता लिहितो आहे. घरात बोलतो त्याच बोलीत. भिलाचं पात्र त्यात नाही. सालदार रंगमंचावर येतच नाही, फक्त त्याचा हिशेब होतो. नट म्हणून मी आमच्याच समाजातली मुलं घेतली आहेत. त्यांतल्या एकाने दोन तालमींनंतर काम सोडलं, काकांना आवडलं नाही म्हणाला. बाकीची टिकून आहेत. पहिला प्रयोग येत्या आखाजीला, आमच्याच गल्लीत, ओट्यासमोर करायचा आहे. सहकारी म्हणाले, घरातलं असं चव्हाट्यावर कशाला आणता, आपलीच माणसं दुखावतील. मी त्यांना सांगितलं, दुखावतील त्यांच्याशी बोलायला मी प्रयोगानंतर तिथेच बसलेला असेन, रात्र झाली तरी चालेल. तुम्हीही या, आणि पटलं नाही तर नाटक चालू असतानाच उठून सांगा. पाड्यावर सांगतात तसं.